सरपंचबाईंचं डोंगल : ई-ग्रामस्वराजच्या डिजिटल सहीची पारख

पंचायतींच्या नियोजनाचं आणि हिशेबाचं सरकारी पोर्टल असलेल्या ई-ग्रामस्वराजवरून ग्रामपंचायतीचं बिल अदा व्हायला दोन डिजिटल सह्या लागतात. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही ग्रामसेवक, 'मेकर' म्हणून व्हाउचर भरतात. सरपंच 'चेकर' म्हणून ते तपासून सही करतात. डोंगल, म्हणजे डिजिटल सही साठवलेलं यूएसबी टोकन, दोघांचं वेगळं, पिनही वेगळा. एप्रिल 2020 मध्ये हे पोर्टल सुरू झालं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतली बिलं इथूनच निघतात. रचनेला पूर्ण गुण: सरपंचाच्या सहीशिवाय पैसा हलत नाही.

वापरात मात्र मोठी फट आहे. पिन कोणी टाकला, हे पोर्टलला समजत नाही. महाराष्ट्रात 2011 पासून निम्मी सरपंचपदं महिलांसाठी राखीव आहेत, आणि कित्येक ठिकाणी बाईंचं डोंगल संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये नाहीतर सरपंचपतींच्या खिशात असतं. ते परत मागितलं की ऐकावं लागतं, "ताईंचा आमच्यावर विश्वासच नाही", "आधीच्या बाई किती मनमिळाऊ होत्या." पुरुष सरपंचाने स्वतःचं डोंगल जवळ ठेवलं तर त्याची चर्चाही होत नाही. हा दुजाभाव संतापजनक आहे, कारण जबाबदारीत सवलत कोणालाच नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 प्रमाणे सहीची किल्ली सांभाळणं प्रमाणपत्रधारकाचं, म्हणजे जिच्या नावाने डिजिटल सही आहे तिचं, काम. उद्या अपहार निघाला तर चौकशीत नाव बाईंचंच येतं.

म्हणून पहिली तपासणी मोबाइल नंबरची. नोंदणीच्या वेळी घाईत पतीचा किंवा परिचालकाचा नंबर दिला जातो आणि ओटीपी कायम तिकडेच जातो. नंबर स्वतःचा करून घ्या. डोंगलसोबत आलेला मूळ पिन सगळ्यांना माहीत असतो. तो टोकनच्या सॉफ्टवेअरमधून स्वतःच्या हाताने बदला. चुकीचा पिन वारंवार टाकला की टोकन लॉक होतं, तेव्हा अंदाजाने टाकत बसू नका.

सहीपूर्वी मासिक सभेचा ठराव, कार्यारंभ आदेश, अभियंत्याने भरलेली मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदाराचं बिल समोर हवं. रकमा जुळवा, मग खाते क्रमांक आणि आयएफएससी पाहा. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुना कोड राहिला की पेमेंट परत येतं. कागद अपुरे असतील तर आवाज न चढवता एकच वाक्य पुरतं: "मोजमाप पुस्तिका आणा, लगेच सही करते." माफी मागायची नाही, कारणं वाढवायची नाहीत. तरी दबाव आला तर नकाराचं कारण लेखी द्या. अविश्वास ठरावाची धमकी हमखास येते. पण महिला राखीव पदावरच्या महिला सरपंचाविरुद्ध तो ठराव मंजूर व्हायला एकूण सदस्यांपैकी किमान तीन-चतुर्थांश मतं लागतात, हे समोरच्यालाही माहीत असू द्या.

पोर्टलची आणखी एक जमेची बाजू म्हणजे ग्रामपंचायतीचा मंजूर विकास आराखडा कोणालाही लॉगिनशिवाय पाहता येतो. ग्रामसभेत तो पडद्यावर उघडून दाखवला की अडवणुकीचा आरोप करणाऱ्यांना बिलागणिक उत्तर देता येतं.

सर्वांत कच्चा दुवा सरपंच बदलताना दिसतो. नवीन सही नोंदवून मंजूर होईपर्यंत बिलं थांबतात, आणि "नोंदणी आम्हीच उरकतो, ताई, तुम्ही कशाला येता" हा आग्रह नेमका तेव्हाच होतो. त्या दिवशी कार्यालयात स्वतः हजर राहा आणि डोंगल पर्समध्ये घालूनच घरी या.