कॅलिफोर्नियातला पब्लिक स्पीकिंगचा कोर्स: घ्या, पण सेक्शन पारखून

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत पदवी घ्यायची तर तोंडी संवादाचा एक कोर्स सक्तीचा आहे. तो कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) ‘इंट्रोडक्शन टू पब्लिक स्पीकिंग’ घेऊन भागवता येतो. २०२५ च्या फॉलपासून, म्हणजे शरद ऋतूतल्या सत्रापासून, राज्यभर त्याला एकच नंबर आहे, कॉम सी१०००. कोर्स ३ युनिटचा (युनिट म्हणजे श्रेयांक), राज्यातल्या रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे फी १३८ डॉलर. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली काही मराठी मुलं हायस्कूलमध्ये असतानाच उन्हाळ्यात तो उरकून टाकतात. पैशाच्या मानाने इतकं शिकवणारा कोर्स क्वचित मिळेल, पण ‘उरकायचा’ म्हणून घेतला तर हातात फक्त ग्रेड पडते.

साधारण रचना अशी: सुरुवातीला दोन-तीन मिनिटांची ओळख, मग पाच-सात मिनिटांचं माहितीपर भाषण, मग तेवढंच किंवा थोडं मोठं मन वळवणारं भाषण. काही प्राध्यापक शेवटी सत्कार-निरोप छापाचं एक छोटं भाषणही ठेवतात. वेळ पाळली नाही तर गुण कापले जातात.

कोर्सचा खरा ऐवज म्हणजे दोन आउटलाइन. पहिली तयारीची: पूर्ण वाक्यांत, मुद्दे-उपमुद्दे मांडून, भाषणाआधी जमा करायची. दुसरी बोलताना हातात धरायची: नुसते शब्द, आकडे आणि ‘इथे थांब’ अशा खुणा. तीन बाय पाच इंचांची चार-पाच कार्डं, एकाच बाजूला लिहिलेली, कोपऱ्यात क्रमांक घातलेली. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांत वाढलेल्या मुलांची गाडी अडते ती इथेच. त्यांचा आवाज खणखणीत असतो, उभं राहणं छान असतं, पण भाषण अक्षरन् अक्षर पाठ असतं. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढचं वाक्य सापडत नाही, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला तरी तो मुद्दा वेगळ्या शब्दांत सांगता येत नाही. कार्डावर पूर्ण वाक्य लिहिलं की नजर तिथेच खिळते, म्हणून चांगले प्राध्यापक कार्डंही तपासतात. पाठ करावं ते फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य. मधला भाग उभं राहून, मोठ्याने, पाच-सहा वेळा, दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत बोलून बसवायचा. मनातल्या मनात वाचलेली तालीम धरूच नये. तिच्यात वेळेचा अंदाज हमखास चुकतो.

दुसरी मोठी चूक विषयाची. सहा मिनिटांत आठ-नऊशे शब्द बसतात, त्यातले शे-सव्वाशे प्रस्तावनेला जातात. ‘गणेशोत्सव’ हा विषय त्यात मावत नाही. ‘शाडूची मूर्ती पाण्यात का विरते आणि प्लास्टरची का नाही’ हा मावतो. न भाजलेल्या मातीचे कण एकमेकांना नुसते चिकटलेले असतात, पाणी मधे शिरलं की सुटतात. प्लास्टर घट्ट होताना त्याचं जिप्सम बनतं, त्याचे स्फटिक एकमेकांत गुंततात, आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. मग तिसरा मुद्दा, विसर्जनानंतर मागे काय उरतं याचा. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी गणपती पाहिलेला नसणार, म्हणून सुरुवातीला दोन वाक्यं उत्सवाची द्यावीत. त्याहून जास्त दिली की विषय घसरतो. बोलायला लागतानाच दोन ग्लासांत दोन छोटे गोळे टाकून ठेवले तर तिसऱ्या मुद्द्यापर्यंत फरक सगळ्यांना दिसतो. मात्र शाडूचा गोळा पूर्ण वाळलेला हवा. ओलसर गोळा लवकर सुटत नाही आणि वक्ता ग्लासाकडे बघत बसतो.

संदर्भांच्या बाबतीत हा कोर्स कडक आहे, आणि ते योग्यच आहे. कागदावर यादी जोडून भागत नाही. भाषणातच कोणी, कोणत्या अधिकाराने, कोणत्या वर्षी सांगितलं ते माहितीच्या आधी बोलावं लागतं. ‘एका अभ्यासानुसार’ म्हटलं की गुण गेले. मन वळवणाऱ्या भाषणासाठी बहुतेक ठिकाणी पर्ड्यू विद्यापीठाच्या अ‍ॅलन मन्रो यांची १९३० च्या दशकातली पाच पायऱ्यांची रचना शिकवतात: लक्ष वेधणं, गरज दाखवणं, उपाय सांगणं, तो केला किंवा न केला तर काय होईल याचं चित्र उभं करणं, आणि कृतीचं आवाहन. विद्यार्थी गरजेवरच निम्मा वेळ घालवतात, चौथी पायरी गाळतात आणि ‘आपण सगळ्यांनी जागरूक राहू या’ म्हणून बसतात. आवाहन असं हवं की ऐकणारा त्याच आठवड्यात ते करू शकेल.

बोलण्याची भीती मोजायला बरेच प्राध्यापक संवादशास्त्राचे अभ्यासक जेम्स मॅक्रॉस्की यांची २४ विधानांची प्रश्नावली देतात. गुण २४ ते १२० मध्ये येतात, ८० च्या वर म्हणजे धास्ती जास्त. सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीदा भरून घेतली तरच तिचा उपयोग. धडधड सर्वांत जास्त असते ती बोलायला सुरुवात करण्याच्या सुमारास, आणि पुढे ती उतरत जाते. पहिलं वाक्य पक्कं हवं ते याचसाठी.

आता सेक्शन, म्हणजे याच कोर्सच्या वेगवेगळ्या तुकड्या. पूर्ण सेमिस्टरचा, वर्गात बसून घ्यायचा सेक्शन मिळत असेल तर तोच घ्यावा. दोन भाषणांच्या मधे अभिप्राय पचायला वेळ मिळतो. सहा आठवड्यांच्या उन्हाळी सेक्शनमध्ये पहिल्या भाषणाचे शेरे हातात येईपर्यंत दुसऱ्याची आउटलाइन जमा करायची वेळ येते. ज्यांना स्टेजची भीती नाही त्यांनीच तो घ्यावा. पूर्ण ऑनलाइन सेक्शनमध्ये भाषणाचा व्हिडिओ द्यावा लागतो, तोही अनेकदा ठरावीक संख्येने प्रौढ श्रोते समोर बसवून, ते कॅमेऱ्यात दाखवून, मधे कुठेही न कापता. श्रोते वेळेवर न जमल्याने चांगलं तयार झालेलं भाषणही शून्यावर जातं. नाव नोंदवण्याआधी सिलॅबस मागवून तीन गोष्टी बघा: वर्गासमोर किती भाषणं आहेत, स्वतःचा व्हिडिओ बघून आत्मपरीक्षण लिहायला लावतात का, आणि श्रोत्यांबद्दल अट काय आहे. राज्याबाहेरच्या आणि एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना युनिटमागे काही पट जास्त पैसे पडतात, तेव्हा त्यांनी आपल्या विद्यापीठात हा कोर्स ग्राह्य धरतात का हे आधी काउन्सेलरकडून लेखी घ्यावं.