निकॉन डी५००: कबड्डीच्या मॅटवर चोख, पूरग्रस्त गावात मात्र पूर्वतयारी हवी

निकॉनने २०१६ मध्ये आणलेला आणि २०२२ मध्ये बंद केलेला हा डीएसएलआर आता सेकंड हँडच शोधावा लागतो. सामनेही टिपायचे आणि मदतपथकाबरोबर गावोगाव फिरायचंही, अशा फोटोग्राफरने तो आजही जरूर घ्यावा. खेळासाठी तो तयार होऊनच हातात येतो. दुसऱ्या कामासाठी त्याला आपण तयार करावं लागतं.

सेकंदाला १० फ्रेम, १५३ फोकस पॉइंट (फ्रेममधल्या ज्या जागांवर कॅमेरा फोकस धरू शकतो त्या), त्यातले ९९ क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे. पण खरी मजा ही की हे पॉइंट फ्रेमच्या जवळजवळ कडेपर्यंत जातात. चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा त्याचा चेहरा क्वचितच फ्रेमच्या मधोमध असतो, आणि इथे तो कडेलाही नीट पकडता येतो. ग्रुप एरिया मोड (एकत्र काही पॉइंटांनी फोकस धरणारा) कबड्डीत टाळा. तो सगळ्यात जवळच्या वस्तूकडे ओढ घेतो, म्हणजे पकडीत चेहऱ्याऐवजी कोपरारक्षकाची पाठ शार्प येते. २५ पॉइंटचा डायनॅमिक मोड (निवडलेल्या पॉइंटला आजूबाजूच्या पॉइंटांची साथ देणारा) लावा आणि कस्टम मेनूत ए३ मधला ‘ब्लॉक्ड शॉट’ ३ वरून ४ वर न्या. मध्ये कुणी आडवं गेलं तरी फोकस लगेच पळत नाही. डीएक्स, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरमुळे ७०-२०० मिमी लेन्स १०५-३०० मिमीसारखी वागते, त्यामुळे रेषेला चिकटून बसलात तर जवळची पकड फ्रेममध्ये मावणार नाही. मैदानाचा कोपरा गाठा.

इनडोअर हॉलमध्ये १/१००० सेकंदाच्या शटर वेगाला एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट-पिवळा येतो, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोटो शूटिंग मेनूतलं फ्लिकर रिडक्शन सुरू केलं की शटर उजेड सर्वात जास्त असतानाच उघडतं. फ्रेमचा वेग थोडा घटतो, तो घटू द्या. जनरेटरवरच्या मैदानात फ्रिक्वेन्सी हलत असेल तर याची खात्री धरू नका.

कार्डांचे स्लॉट दोन: एक्सक्यूडी (एसडीपेक्षा वेगवान, वेगळ्या प्रकारचं कार्ड) आणि एसडी. सलग २०० रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) फ्रेम वेगवान एक्सक्यूडीवरच निघतात. बॅकअपसाठी दुसरीकडे स्वस्त एसडी घातलंत तर सगळा वेग त्या एसडीचा होतो. सामन्यात एकाच कार्डावर लिहा. मदतकार्याच्या प्रवासात मात्र बॅकअप लावाच, तिथे वेग लागत नाही आणि गेलेला फोटो पुन्हा मिळत नाही.

पुराच्या भागात पहिली अडचण विजेची. या बॉडीत यूएसबी चार्जिंग नाही, म्हणून पॉवर बँकवर चालणारा ईएन-ईएल१५ (या कॅमेऱ्याची बॅटरी) चा वेगळा चार्जर आणि किमान तीन बॅटऱ्या न्या. लेबलवर ‘लाय-आयन०१’ असलेली जुनी बॅटरी घेऊ नका, ती या कॅमेऱ्यात लवकर मान टाकते. ‘लाय-आयन२०’ बघून घ्या. बॉडी सीलबंद असली तरी लेन्सच्या माउंटला रबरी कडा नसेल तर पाणी तिथून शिरतं. बोटीत लेन्स बदलूच नका. मुक्कामी आल्यावर बॅग उघडी ठेवून आधी सगळं कोरडं करा, मगच सिलिका जेलसह डब्यात बंद करा. ओलं सामान कोंडलं की लेन्समध्ये बुरशी धरते.

निवारा केंद्रात शटरचा आवाज लोकांना बोचतो. ‘क्यू’ (क्वाएट, म्हणजे शांत) मोडने तो थोडा मऊ होतो, पूर्ण जात नाही. आवाज न करता फोटो काढणाऱ्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यापुढे हा कॅमेरा इथे सरळ हरतो. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर जायला झुकणारा स्क्रीन उपयोगी, पण लाइव्ह व्ह्यूचा, म्हणजे स्क्रीनवर बघून काढतानाचा, फोकस मंद. त्यापेक्षा समोर बसा, विचारा, होकार मिळाल्यावर व्ह्यूफाइंडरमधूनच काढा.

घेताना शटर काउंट (शटर आतापर्यंत किती वेळा उघडलंय तो आकडा) तपासा, कारण शटरची चाचणी २ लाखांपर्यंतचीच आहे. कार्डाच्या स्लॉटमधल्या पिना टॉर्च मारून बघा, ग्रिपचं रबर सुटलंय का ते दाबून बघा आणि मागची जॉयस्टिक चारही दिशांना हलवून बघा.