लातुरात घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक म्युझिक: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, पंचवीस कळांचा मिडी कीबोर्ड (याला स्वतःचा आवाज नसतो, लॅपटॉपमधले सूर वाजवतो), स्कारलेट सोलो इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची डबी), डायनॅमिक माइक, स्टुडिओ हेडफोन आणि रीपर हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर. एवढ्यावर उन्हाळा, पावसाळा दोन्ही काढले, म्हणून ठामपणे सांगतो: बजेट कमी असेल तर आधी हेडफोन चांगला घ्या, सॉफ्टवेअरवर सगळ्यात शेवटी खर्च करा.

लॅपटॉपच्या स्पीकरला खालचे सूर झेपतच नाहीत. ५०-६० हर्ट्झच्या किकची (ड्रमच्या खालच्या ठोक्याची) नुसती टकटक ऐकू येते. मग आपण बेस वाढवत सुटतो आणि तोच ट्रॅक गाडीत लावला की काचा थरथरतात. खोक्यावर 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेला हेडफोन घेऊ नका. ब्लूटूथचा तर नकोच, कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो, ताल धरता येत नाही.

इंटरफेसचा खरा उपयोग संबळ रेकॉर्ड करताना कळला. गल्लीतल्या गोंधळी मामांना बोलावलं. माइक दोन्ही तोंडांच्या मधोमध, वीतभर वर धरला. खालच्या सुराचं तोंड घुमलं, वरच्या सुराचं कडकडलं, दोन्ही वेगवेगळे ऐकू आले. ते तुकडे रीपरच्या सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज कळांवर वाजवायची सोय) टाकले, खाली व्हायटल या फुकटच्या सिंथचा (आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) लांब सूर ठेवला. रीपर उघडतो तो ४/४ मध्ये. सहा मात्रांच्या ठेक्यासाठी आधी ६/८ करून घ्या. आमच्याकडं पत्र्याचं छप्पर आणि कूलर, त्यामुळं डायनॅमिक माइकच बरा. कंडेन्सर हा जास्त नाजूक माइक खोलीतली सगळी घरघर उचलतो.

बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतो तो आकडा, वाजवताना १२८ ठेवतो म्हणजे आवाज उशिरा येत नाही (४४.१ किलोहर्ट्झला साधारण ३ मिलिसेकंद), मिक्सिंगला ५१२. नाहीतर जुना लॅपटॉप चटचट आवाज करतो.

आता लाइटीचं. इंटरफेस आणि कीबोर्ड दोन्ही यूएसबीवर चालतात, त्यामुळं लाइट गेली तरी काम थांबत नाही. पण भर उन्हाळ्यात चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये सलग गुणगुण यायची. वायरमन म्हणाले, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय. कोळसा-मीठ भरून पाणी सोडलं, फरक पडला. तरीही माइक चालू असताना मी चार्जर काढूनच ठेवतो.

रीपरचं डाउनलोड लहान, मोबाइलच्या डेटावर सहज होतं. ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं, पुढं वैयक्तिक वापराचं लायसन्स ६० डॉलरला. एफएल स्टुडिओ या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडत नाही. शिकणाऱ्याला ते फार अडचणीचं. स्कारलेटसोबत एबलटन लाइव्ह लाइट हे आणखी एक सॉफ्टवेअर मिळालं, लूप जुळवायला छान आहे, पण ट्रॅकची संख्या मर्यादित.

कीबोर्डाला पंचवीस कळा पुरतात. कळांना वेलॉसिटी आहे का एवढं मात्र दुकानात वाजवून बघा, हलकं-जोरात दाबल्यावर आवाज बदलला पाहिजे. स्पीकर मी इतक्यात घेणार नाही. या खोलीत आवाज भिंतीभिंतीवर आपटतो, आधी त्याचा बंदोबस्त करायचा आहे.