डेबियनवर रंगीत इमोजी: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) आहे. त्यावर रंगीत इमोजी सुरू करून बरेच महिने झाले. रोजच्या वापरात सगळं नीट चाललंय, म्हणून आता खात्रीने लिहितोय.

फॉन्ट बसवणं अगदी सोपं. सिनॅप्टिक (सॉफ्टवेअर बसवायचा प्रोग्राम) उघडा, 'नोटो कलर इमोजी' शोधा, इन्स्टॉल करा आणि लॉगआउट करून परत या. माउसपॅड (टेक्स्ट एडिटर), थुनार (फाइल मॅनेजर), नोटिफिकेशन असे जीटीकेवाले प्रोग्राम लगेच रंगीत होतात. (जीटीके आणि क्यूटी हे प्रोग्रामांच्या खिडक्या-बटणं बनवायचे दोन वेगळे संच.)

अडतं ते क्यूटीवाल्या प्रोग्रामांत. तिथे हसरे चेहरे काळ्या रेघांचेच राहतात. कारण डेजाव्हू सान्स या फॉन्टमध्ये त्या चेहऱ्यांची काळी-पांढरी चित्रं आहेत, आणि सिस्टिमच्या फॉन्टांच्या क्रमवार यादीत ज्या फॉन्टमध्ये चिन्ह आधी सापडेल तोच फॉन्ट वापरला जातो. यावर इमोजीचा फॉन्ट यादीत सर्वात वर टाका, असं बरेच जण सुचवतात. कृपा करून तसं करू नका! चौकोनातल्या आकड्यांच्या इमोजीसाठी त्या फॉन्टमध्ये इंग्रजी आकडेही ठेवलेले आहेत. तो वर गेला की तारखा, फोन नंबर, फायलींची नावं, सगळीकडे आकडे फाकतात. मराठी आकडे तेवढे शाबूत राहतात, कारण ते त्या फॉन्टमध्ये नाहीतच.

माझा क्रम असा: नोटो सान्स, नोटो सान्स देवनागरी, मग नोटो कलर इमोजी, आणि डेजाव्हू शेवटी. त्यासाठी 'नोटो कोअर' हे पॅकेजही लागतं. होम फोल्डरमधल्या फॉन्टकॉन्फिगच्या (कुठला फॉन्ट वापरायचा ते ठरवणाऱ्या व्यवस्थेच्या) फाइलीत सान्स-सेरिफपुढे हा क्रम लिहायचा आणि प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये फॉन्ट 'सान्स' ठेवायचा. तेव्हापासून आकडेही नीट आणि चेहरेही रंगीत.

ही निव्वळ हौस नाही. सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी मी साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवतो. पैसे आले की नावापुढे हिरवा गोळा, बाकी असतील तर लाल. रंगच दिसले नाहीत तर त्या यादीला काही अर्थ नाही. आता फाइल उघडताच कोणाला फोन करायचा ते कळतं.

कुटुंबाचं चित्रही आता एकसंध दिसतं. मुळात ती बाबा, आई, मुलगी अशी तीन वेगळी चिन्हं. झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह त्यांना जोडतं. 'दर्‍या'मधला अर्धा र लिहायलाही हेच चिन्ह चालतं, हे कळल्यावर मला फार आनंद झाला.

उणीव एकच, पण छपाई करणाऱ्यांसाठी मोठी. डेबियनच्या या पॅकेजमधली चित्रं १३६ बाय १२८ पिक्सेलची आहेत. स्क्रीनवर ती छान दिसतात, पण गणपतीच्या वर्गणीच्या पोस्टरवर फूल मोठं केलं की कडा धुरकट होतात. तिथे इमोजी न वापरता एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं) चित्र घ्या.