झेब्रा ओटो : सात महिन्यांचा अनुभव

नाशिकमध्ये प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी, ठेवणाऱ्यांना ओटो हा मासा नवीन नाही. मात्र दुकानांत सहसा मिळतो तो अंगावर एकच आडवी काळी पट्टी असलेला साधा ओटो. अंगभर उभे काळे-पांढरे पट्टे असलेला झेब्रा ओटो, म्हणजेच ओटोसिंक्लस कोकामा, आपल्याकडे क्वचितच दिसतो. गेल्या डिसेंबरमध्ये शहरातील एका दुकानात तो आल्याचे समजले आणि नगाला साडेचारशे रुपये मोजून मी सहा मासे घरी आणले. मासा आणि दुकान या दोहोंविषयी आज, जुलैमध्ये, लिहीत आहे. पहिल्याच महिन्यात लिहिले असते तर ते निव्वळ संतापाने लिहिले गेले असते.

हा मासा मूळचा पेरू देशातील नद्यांमधला. त्याचे शास्त्रीय वर्णन २००४ साली झाले आणि त्याच भागात राहणाऱ्या कोकामा जमातीवरून त्याला नाव मिळाले. पूर्ण वाढलेला मासा जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा, म्हणजे करंगळीएवढाही भरत नाही. दुकानात ‘टँक क्लीनर’ म्हणून मिळणारा, पुढे फूट-दीड फूट वाढणारा आणि मग कोणीतरी नदीत नेऊन सोडून देतो तो सकरमासा याच कुळातला. (तसे सोडलेले सकर देशातील अनेक जलाशयांत आज मच्छीमारांची डोकेदुखी झाले आहेत, ते निराळे.) या नात्यामुळेच बहुधा दुकानदार ओटोलाही त्याच पाटीखाली विकतात.

मलाही तेच सांगितले गेले. “यांना वेगळं काही खायला घालायचं नाही, काचेवरचं शेवाळ खाऊन राहतात,” असे विक्रेत्याने ठामपणे सांगितले आणि अनेक वर्षे मासे पाळूनही मी ते ऐकून घेतले. माझी दोन फुटी टाकी आठ महिने जुनी होती, झाडे दाट होती. परंतु दर रविवारी काच घासून लख्ख करण्याची सवय असल्यामुळे तिच्यात या माशांनी खावे असे काहीच उरलेले नव्हते. चौथ्या दिवशी एक मासा गेला आणि नवव्या दिवशी दुसरा.

दोष पाण्यात नव्हता. बाजारात येणारे ओटो बहुतांशी नदीतून पकडलेले असतात आणि पकडल्यापासून दुकानात पोहोचेपर्यंतच्या प्रवासात त्यांच्या पोटात फारसे काही जात नाही. वास्तविक आपली अवस्था हा मासा स्वतःच दाखवतो. तो तोंडाने काचेला चिकटून बसतो, त्यामुळे समोर उभे राहिले की त्याचे पोट सरळ आपल्या डोळ्यांपुढे येते. पोट किंचित फुगीर असेल तर मासा खातो आहे. ते सपाट किंवा आत ओढलेले असेल तर पट्टे कितीही देखणे असोत, पैसे काढू नयेत. माझ्या सहापैकी निदान तिघांची पोटे खपाटीला गेली होती, हे मला घरी आल्यावर, रात्री टॉर्चच्या उजेडात दिसले.

उरलेल्या चौघांसाठी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवलेली काकडीची चकती स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी ठेवली. तीन रात्री तिच्याकडे कोणी फिरकले नाही. मग गच्चीवरची बरणी आठवली. लाल कोळंबीसाठी म्हणून मी नदीतले गोटे पाण्यात बुडवून बरणी उन्हात ठेवली होती आणि त्यांवर हिरवा, बुळबुळीत थर धरला होता. त्यातला एक गोटा टाकीत ठेवल्यावर दहा मिनिटांत चौघेही त्यावर होते आणि तोंडे इतक्या वेगाने हलत होती की ओठांची कड अंधूक दिसत होती. दुसऱ्या दिवशी पोटे गोल झाली. तेव्हापासून दोन बरण्या पाळीपाळीने वापरतो. काकडीही ते आता खातात, पालक मात्र अजून त्यांना पसंत नाही.

झाडांच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. अनुबियासच्या पानांवरचा तपकिरी थर त्यांनी पार उतरवला आणि अॅमेझॉन स्वोर्डच्या कोवळ्या पानालाही भोक पाडले नाही. टाकीत ठेवलेल्या लाकडावरच्या (ड्रिफ्टवूडवरच्या) काळ्या केसाळ शेवाळाला ते तोंड लावत नाहीत; त्यासाठी कोणी हा मासा घेणार असेल तर घेऊ नये. अधूनमधून एखादा झपकन वर जाऊन हवा गिळून येतो. पहिल्यांदा पाहिल्यावर मी घाबरलो होतो, पण हवेतून श्वास घेणे या माशाला मुळातच जमते.

नाशिकच्या थंडीत हीटर लागतोच. जानेवारीत मी तो २५ अंशांवर ठेवला. सध्या पावसाळ्यामुळे नळाचे पाणी गढूळ येते, म्हणून ते दोन दिवस साठवून, क्लोरीन घालवणारे औषध टाकून, आठवड्याला पाव टाकीच बदलतो.

दुकानाविषयी सांगायचे तर पॅकिंग उत्तम होते : दुहेरी पिशवी, पाणी थोडे आणि हवा भरपूर. मात्र दोन मासे गेल्याचे सांगितल्यावर “नव्या पाण्यात एक-दोन जातातच” एवढेच उत्तर मिळाले. हा मासा घोळक्याने राहणारा असल्याने मला संख्या पुन्हा सहावर न्यायची आहे, आणि थंडी सुरू होण्यापूर्वी मी त्याच दुकानात जाईन, कारण झेब्रा ओटो मला अन्यत्र मिळालेला नाही. या वेळी माल येऊन दोन आठवडे झाल्यावरच जाईन आणि मासे माझ्यासमोर खाताना दाखवा म्हणेन. तेवढे त्यांनी केले तर साडेचारशे रुपये मला जास्त वाटणार नाहीत.