पंखा लावलेलं जॅकेट: अख्खी खरड छाटणी अंगावर काढल्यानंतर

मार्चअखेरीस घेतलं, आता जुलै चालू आहे. खरड छाटणी, फुटींची विरळणी, सबकेन (फुटीचा शेंडा खुडून तिला बाजूची फूट काढणं), शेंडा मारणं, सगळं या जॅकेटात झालं. घेण्याआधी मी जे अनुभव वाचले ते सगळे आठ दिवस वापरून लिहिलेले होते. त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही, म्हणून मुद्दाम थांबून लिहितोय.

आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात, अडीच एकर. बागेतलं माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: माल उतरला की एप्रिलमध्ये वेलीच्या सगळ्या काड्या एका डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटायची एकच जागा ठेवून, छाटायच्या. हीच खरड छाटणी. मग बाग बोडकी. मांडव असतो, पण त्यावर पान नसतं. वर तारा, खाली तापलेली काळी माती आणि हात दिवसभर डोक्याच्या वर. गंमत अशी की पुढच्या हंगामाचा घड याच उन्हात डोळ्यात धरतो, त्यामुळं बागायतदाराला ऊन नको असं म्हणताही येत नाही.

जॅकेट म्हणजे दाट विणीच्या पातळ कापडाचा बिनबाह्यांचा अंगरखा, पाठीला कमरेपाशी दोन पंखे, खिशात पॉवर बँक. जपानमध्ये बांधकामावरची माणसं असली जॅकेटं कितीतरी वर्षं वापरतात, २००४ पासून तिथं विकायला आहेत म्हणे. माझं बिननावाचं, ऑनलाइन घेतलेलं, पॉवर बँक धरून ४,७०० रुपयांना पडलं. पंखे बाहेरची हवा आत ओढतात, ती अंगावरून फिरून गळ्यातून आणि काखेतून बाहेर पडते. चालू केलं की माणूस टम्म फुगतो. पहिल्या दिवशी छाटणीला आलेल्या मजुरांच्या टोळीतल्या बायका काम सोडून हसत बसल्या. एक म्हणाली, "दादा, तारंला धरून ऱ्हावा, न्हाईतर कवठे गावाला जाऊन पडशीला."

आता मुद्द्याचं. हे हवा गार करत नाही. एप्रिलच्या दुपारी आमच्याकडं पारा ३९-४०ला असतो आणि अंगाची कातडी असते ३५च्या आसपास. म्हणजे पंखा जी हवा ओढतो ती अंगापेक्षा गरमच. कोरड्या अंगावर घातलंत तर पहिली दहा मिनिटं नुसती झळ लागते, आणि फसलो असं वाटतं. घाम फुटला की मात्र सगळं बदलतं. माठासारखंच आहे हे. माठ पाझरतो, ते पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणून कोरड्या हवेत माठातलं पाणी गार होतं आणि पावसाळ्यात कोमट राहतं. आपण माठ, पंखा नुसता वारा घालणार.

हे ध्यानात आल्यावर मी आतला पातळ सुती बनियन हौदात बुडवून, पिळून घालायला लागलो. एकदा भिजवला की तासभर तरी सुखात जातो. माझ्या मते या वस्तूचे अर्धे पैसे त्या बादलीभर पाण्यानंच वसूल झाले. जाड टी-शर्ट घालू नका, तो पाणी धरून बसतो आणि अंगाला नुसता चिकटतो. आणि पाणी उडतंय ते आपल्याच अंगातलं, त्यामुळं जॅकेट घातलं म्हणून पाणी कमी पिऊन चालत नाही. घाम दिसत नाही, जागच्या जागी वाळतो, म्हणून उलट विसर पडतो. दर वीस मिनिटांनी पेलाभर, असा नेम मी धरला.

मेच्या मध्यावर वळीव झाला आणि त्यानंतर याची जादू निम्म्यावर आली. हवेत ओल आली की घाम वाळत नाही. कोकणात राहणाऱ्यांनी घेण्याआधी दहादा विचार करावा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर कापड छाटलेल्या काडीच्या टोकाला अडकून दोनदा फाटलं. भोक पडलं की हवा तिथूनच निघून जाते, गळ्यापर्यंत पोचत नाही. शिवून भागलं नाही, आतून टेप लावली. वेलीची सालपटं पंख्याच्या जाळीत अडकतात, रोज संध्याकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढावी लागतात. मेमध्ये डाव्या पंख्याची वायर सॉकेटपाशी तुटली. विकणाऱ्यानं दोन मेसेजना उत्तर दिलं, तिसऱ्याला नाही. शेवटी गावातल्या मोबाईलवाल्यानं ५० रुपयांत कथलाचा डाग मारून दिला, तो अजून टिकून आहे. १०,००० एमएएचची पॉवर बँक मंद वेगावर आठ तासांच्या आसपास चालते, फुल वेगावर साडेतीन-चार. मी फुल करतच नाही, फरक आवाजात जास्त पडतो आणि गारव्यात कमी. आवाजाचा त्रास मात्र आहे. ठिबकची नळी कुठं फुसफुसतेय हे पूर्वी कानानं कळायचं, आता पाय भिजल्यावर कळतं.

औषध फवारताना हे घालू नका. पंखा समोर येईल ते आत ओढतो, फवाऱ्याचे तुषारही, आणि ते थेट घामेजल्या अंगावर बसतात. पाठीवरचा पंपही यावर बसत नाही, पंखेच दाबले जातात. गंधकाची पावडर धुरळतानाही तेच.

आता जे सांगायला इतके महिने लागले ते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात छाटणी रंगात आली होती. टोळी एकरी उक्त्यावर, त्यामुळं त्यांनाही घाई. साडेअकराला दरवर्षी सुट्टी होते. त्या दिवशी मला उन्हाचं काही वाटेचना. म्हटलं, एवढ्या दोन ओळी उरकून जाऊ. दोनाच्या चार झाल्या. सव्वाबाराला टोळीतली एक पोरगी कात्री हातातच धरून खाली बसली. तोंड पांढरंफटक, मळमळ, डोकं गरगरतंय म्हणाली. पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं सावलीत नेऊन पाय उंच करून झोपवलं, ओला पंचा मानेवर आणि काखेत ठेवला, घोट घोट ओआरएस पाजलं. अर्ध्या तासानं सावरली. बरळायला लागली असती किंवा शुद्ध हरपली असती तर अंगावर पाणी ओततच दवाखाना गाठावा लागला असता. नंतर कळलं की ती त्या हंगामात पहिल्यांदाच, दोनच दिवसांपूर्वी टोळीत आली होती. उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, हे मला ठाऊक होतं. पण नवीन कोण आलंय हे मी विचारलंच नव्हतं.

टोळीतल्या वयानं मोठ्या मावशी तेवढंच बोलल्या, "तुमाला काय ओ, तुमच्या पाठीला पंका हाय."

दरवर्षी सुट्टीची वेळ माझं अंग ठरवायचं. मला सोसेना झालं की सगळ्यांना सुट्टी. यंदा ते अंगच खोटं सांगत होतं. कंपनीच्या माहितीपत्रकात हे कुठंच लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून काम पहाटे सहाला सुरू केलं, अकराला बंद, उरलेलं चारनंतर. मोबाईलवर अकराचा गजर लावला, कारण स्वतःवर विश्वास उरला नव्हता. मावशींना एक दिवस जॅकेट घालून बघा म्हटलं. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्याला भिजवलेला टॉवेल, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा पोशाख. त्यावर जॅकेट बसेना. दहा मिनिटांत काढून दिलं आणि म्हणाल्या, "भुणभुण लई करतंय." तो ओला टॉवेल तरी काय करतो? जॅकेट करतं तेच, फक्त वारा नैसर्गिक.

दुसरं घेणार का असं भाऊ विचारत होता. त्याला सांगितलं, एकट्यानं राबणाऱ्याला, ट्रॅक्टरवाल्याला, पत्र्यावर सोलर बसवणाऱ्याला चांगलं आहे, घे. मी मात्र तेवढ्याच पैशात शेडनेट आणलं आणि बांधावरच्या कडुलिंबापासून मोटारीच्या खोलीपर्यंत ताणलं. खाली दोन माठ. जॅकेट पंखे काढून धुऊन कपाटात ठेवलंय, पॉवर बँक अर्धी चार्ज करून.