सासूबाईंच्या पलंगापाशी गालिचा: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका दुकानाचा अनुभव

दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण महाराज बाड्यावर, म्हणजे तिथल्या बाजाराच्या चौकात, आमचं रोजचं येणंजाणं आहे आणि मालक तसा भला माणूस आहे, पण दोन तक्रारी आहेत त्या लिहायच्याच आहेत. बाड्याच्या मागच्या गल्लीतलं जुनं दुकान, पुढे चादरी-पडदे आणि आत शिरलात की छतापर्यंत गालिच्यांच्या थप्प्या.

तर झालं असं की डिसेंबरात आई (माझ्या सासूबाई, वय ७६) म्हणायला लागल्या की रात्री उठलं की पाय बर्फावर पडतो. खोटं नाही, घर जुनं, खाली दगडी फरशी आणि ग्वाल्हेरची थंडी. नवऱ्याने लगेच मोबाईलवरून ४ बाय ६ चा गुबगुबीत गालिचा मागवला. फोटोत राजवाडा, घरी आल्यावर पलंगापुढे मोठं पायपुसणं टाकल्यासारखं दिसत होतं, आणि दुसऱ्याच दिवशी आईंनी पाय ठेवला तशी ती आख्खी वस्तू फरशीवरून सर्रकन पुढे गेली, पलंगाची दांडी हाताला लागली म्हणून निभावलं. तो परत पाठवला, त्याची कथा सांगत बसत नाही.

मग मी दुकानात जायच्या आधी जुने पेपर फरशीवर पसरून बघितले. आईंचा शिसवी पलंग साडेचार बाय साडेसहा, एक बाजू भिंतीला लागलेली, म्हणजे उतरायची बाजू एकच. त्यांना पाचदा झोपवलं, पाचदा उठवलं, पाय टेकेल तिथे खडूने खूण केली. "अगं, या वयात माझी कवायत घेतेस का?" असं म्हणत का होईना पण केलं त्यांनी. तेव्हा कळलं की पहिला पाय पलंगापासून वीतभरच पुढे पडतो, पण बाथरूमकडे वळताना तिसरं पाऊल पलंगाच्या पायथ्याच्याही पलीकडे जातं, म्हणजे ६ फुटी तुकडा तिथेच संपला असता आणि अंधारात नेमकी कडा पायात आली असती. ५ बाय ८ हवा होता. डिझाइन, रंग सगळं नंतर.

दुकानात मालकाने पहिला प्रश्न विचारला तो मला आवडला. "बहनजी, पलंग के पाये हैं कि पेटी है?" कारण पाये असतील तर गालिचा दीड-दोन फूट पलंगाखाली सरकवता येतो, पायांच्या वजनाने तो जागचा हलत नाही. पेटीचा पलंग असेल तर तो कोण उचलणार, आणि बाजूला खण असतील तर जाड गालिच्यावर ते उघडतच नाहीत. ६ बाय साडेसहाच्या डबल बेडला तो ८ बाय १० चा आडवा टाका म्हणतो, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट निघतो, नाहीतर सरळ दोन बाजूंना दोन लांब पट्ट्या. ५ बाय ८ डबल बेडखाली आडवा घातला तर बाजूला जेमतेम फूटभर उरतो, तो फक्त फोटोपुरता.

माल दाखवताना त्याने गालिचा उलटा केला. हातगाठीचा असेल तर मागेही तीच नक्षी स्वच्छ दिसते आणि टोकाची झालर म्हणजे ताण्याचेच (विणीचे उभे) धागे असतात. टफ्टेडच्या (गाठी न मारता लोकर कापडात टोचून केलेल्या) मागे कापड चिकटवलेलं असतं, आत गोंदासारखं लॅटेक्स, आणि ते काही वर्षांनी सुकून पिठासारखं झडायला लागतं. टफ्टेड ७,२०० ला होता, मऊ होता, नवऱ्याचं मन तिथेच अडकलं. पण जाडी बघितली तर दीड सेंटीमीटरच्या आसपास, आमच्या बाथरूमचं दार खोलीत उघडतं आणि त्याच्या खाली एक बोट जागा. शिवाय म्हाताऱ्या माणसाला जितका पातळ तितका बरा. हातगाठीचा निम्म्या जाडीचा. त्याची किंमत ३२,००० ऐकून आम्ही दोघंही एकदम पंख्याकडे बघायला लागलो.

मालक इथल्या जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधल्या, कैद्यांनी विणलेल्या त्या अजस्र गालिच्याबद्दल सांगत बसला, २०२३ मध्ये ग्वाल्हेरच्या गालिच्यांना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेही सांगून झालं, पण मी हात ठेवला होता त्यावर स्वतःच म्हणाला, "यह वाला भदोही का है, झूठ नहीं बोलूँगा." (भदोही म्हणजे उत्तर प्रदेशातलं गालिच्यांचं गाव.) याचे मार्क वेगळे. मग त्यानेच थप्पीच्या तळातून एक किरमिजी काढला, त्यात मधेच वीतभर पट्टा फिका. याला ते लोक अब्रश म्हणतात, लोकर वेगवेगळ्या घाण्यात रंगवली की असा फरक पडतो, वीण पक्कीच असते. काठाचा एक धागा उपटून काडीने जाळून दाखवला, केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली. प्लॅस्टिकचा धागा असता तर वितळून मणी झाला असता. पट्ट्यामुळे भाव १९,५०० वर आला. आई नंतर म्हणाल्या, विणणाऱ्याला दुपारची डुलकी लागली असेल.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ५,००० ठेवून दोन दिवस घरी नेऊ दिला. आणि बरं झालं नेला, कारण घरी टाकल्यावर रंग किरमिजी नाही, चक्क काळपट चॉकलेटी! मी फोन करून भांडायच्या तयारीत. तो हसला, म्हणाला उलटा फिरवा. लोकर एका दिशेला झुकलेली असते, एका टोकाकडून उजळ आणि दुसऱ्याकडून गडद दिसते. डोकं-पाय बदलून टाकला तर दारातून बघताना अगदी दुकानातला रंग. हे त्याने आधी सांगायला काय हरकत होती?

आता दोन फूट पलंगाखाली, तीन फूट बाहेर, पलंगाचे दोन पाय त्याच्यावर आणि खाली रबरी जाळी, चारी बाजूंनी इंचभर आत कापलेली म्हणजे बाहेर दिसत नाही. पायथ्याकडे फूट-सव्वाफूट पुढे काढलाय, दाराच्या फेऱ्याच्या आधी थांबतो. सुरुवातीला लोकरीचा भुगा निघतो, घाबरू नका, दोन-तीन महिन्यांत कमी होतो. व्हॅक्यूम लावलात तर फिरणारा ब्रश नको. एप्रिल लागला, कूलर सुरू झाला की गुंडाळून ठेवायचाय, घडी घालायची नाही आणि प्लॅस्टिकमध्ये नाही, ऊन दाखवून सुती चादरीत, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून.

तक्रारी. एक, दोन किलोमीटरच्या डिलिव्हरीचे ३०० घेतले आणि पक्कं बिल तीनदा मागितल्यावर दिलं. दुसरी झालरीची. अंधारात बोटं अडकतील म्हणून ती मला नको होती, पण ताण्याचेच धागे असल्याने सरळ कापता येत नाही, वीण सुटते, म्हणून खाली दुमडून शिवायची ठरली. चार दिवस सांगून अकरा दिवस लावले, ऐन जानेवारीच्या गारठ्यात आई मोजे घालून उतरत होत्या. आणि आला तर महिन्याभरात बाथरूमकडच्याच कोपऱ्याची शिलाई उसवली, मी सध्या सेफ्टीपिनवर काम चालवलंय.

मालाला पाचपैकी पाच, सर्व्हिसला अडीच. शिलाईवाला मुलगा "परसों" येणार आहे. फोन केला की रोज परसोंच असतो, आई आता मलाच विचारतात, "तुझा परसों कधी गं?"